उंबरठ्यावरील कोलम आणि संगणकाचा पडदा

'कोलम' हा शब्द ऐकला की मराठी माणसाला बहुधा तांदूळ आठवतो. क्वचित कोणाला यवतमाळकडील कोलाम लोकांचे स्मरण होईल. तमिळ प्रदेशातील कोलमचा या दोहोंशी काही संबंध नाही. तांदळाशी मात्र त्याचे एक निराळे नाते आहे, कारण मूळ कोलम तांदळाच्या पिठाने काढावयाचे असते. पहाटे अंगणात पाणी शिंपडावे, जमीन झाडून ओलसर करावी आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीतून पीठ सोडीत उंबरठ्यासमोर आकृती रेखावी, असा हा नित्याचा परिपाठ आहे. आपल्याकडील ठिपक्यांची रांगोळी ही त्याची सख्खी बहीण होय. परंतु आपण रांगोळी सणावारी, किंवा चैत्रात चैत्रांगण म्हणून काढतो. तेथे ती दररोज निघते आणि दररोज पुसली जाते. घरात मृत्यू घडला तरच उंबरठा कोरा राहतो. अंगण कोरे दिसले की गल्लीला न सांगता बातमी कळते.

चेन्नईत मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, या कलेला भर येतो. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराभोवतालच्या माड वीथींतून पहाटे फिरले असता भोपळ्याची पिवळी फुले शेणाच्या गोळ्यात खोवून मधोमध ठेवलेली मोठमोठी कोलमे दिसतात. पोंगलच्या सुमारास उत्तर माड वीथीवर स्पर्धाही भरते. आखून दिलेल्या चौकोनात ठरलेल्या वेळात प्रत्येकीने आपली आकृती पुरी करावयाची असते. अशा वेळी उभे राहून पाहावे. पाहणाऱ्याला वाटते, ही बाई चित्र काढीत आहे. वस्तुतः ती एक गणना करीत असते.

हे विधान अलंकारिक नाही. प्रस्तुत लेखाचा विषय संगणकावर साधी चित्रे कशी काढावी आणि त्यात आनंद कसा घ्यावा हा आहे. त्यासाठी चेन्नईच्या अंगणापासून आरंभ करण्याचे कारण असे की, संगणकाने चित्र कसे काढावे याचा शास्त्रीय विचार ज्या काळात जगात नुकताच सुरू झाला होता, त्याच काळात याच शहरातील काही अभ्यासकांनी आपल्या दारातील कोलमकडे पाहून त्यात मोलाची भर घातली. हा इतिहास आपल्या शालेय पुस्तकांत नाही, आणि तो असावयास हवा होता असे मला वाटते.

प्रथम कोलमचे स्वरूप पाहू. आधी ठिपके मांडतात. ठिपक्याला तमिळमध्ये 'पुळ्ळी' म्हणतात. ठिपके चौरसात, किंवा मधली ओळ मोठी व दोन्ही बाजूंस उतरत जाणारी अशा बर्फीच्या आकारात असतात. एका प्रकारात हे ठिपके सरळ रेघांनी जोडून कमळ, पक्षी, दिवा अशा आकृती काढतात. आपली ठिपक्यांची रांगोळी बहुतांशी याच जातीची. दुसऱ्या प्रकाराला 'कंबी कोलम' किंवा 'सिक्कु कोलम' अशी नावे आहेत. कंबी म्हणजे तार, सिक्कु म्हणजे गुंता. यात रेघ ठिपक्याला कधीही स्पर्श करीत नाही. ती ठिपक्याभोवती वळसा घालीत, स्वतःलाच छेदीत, सगळे अंगण हिंडून जेथून निघाली तेथे परत येते. प्रत्येक ठिपका वेढला गेला पाहिजे आणि कोठेही रेघेचे मोकळे टोक राहता कामा नये, हे दोन नियम सर्व जणी पाळतात. सगळे कोलम एकाच अखंड रेघेत साधले तर ते विशेष मानाचे.

तांबरम येथील मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी हे संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. १९३२ साली जन्मलेल्या या गृहस्थांची जिज्ञासा एका विषयात मावणारी नव्हती. प्राचीन तमिळ शिलालेखांतील अक्षरांची वळणे, सिंधुलिपीतील चिन्हांचे क्रम, दारातील कोलम, या सर्वांकडे ते एकाच मोजणाऱ्या दृष्टीने पाहत. त्यांच्या पत्नी राणी सिरोमनी याच महाविद्यालयात गणिताच्या प्राध्यापक होत्या आणि 'आकारिक भाषा' हे त्यांच्या संशोधनाचे क्षेत्र होते. या शाखेचा पाया १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चोम्स्की यांनी घातला. थोडे नियम घ्यावेत, एका चिन्हाच्या जागी दुसरी चिन्हे लिहीत जावे, आणि त्यातून अगणित शुद्ध वाक्ये निर्माण व्हावीत, अशी ती कल्पना होती. अष्टाध्यायीची परंपरा सांगणाऱ्या आपल्या देशाला ही रीत अगदीच परकी वाटू नये.

परंतु वाक्य हे एका ओळीत चालते. चित्र लांबी आणि रुंदी अशा दोन्ही दिशांना पसरते. एका ओळीचे व्याकरण चित्राला कसे लावावे, हा त्या काळचा खरा प्रश्न होता. आपल्याकडे या प्रश्नाचा विचार प्रथम ज्यांनी केला त्यांत आर. नरसिंहन् यांचे नाव घ्यावे लागेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेला 'टिफ्रॅक' हा संगणक ज्यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला, तेच हे नरसिंहन्. पुढे अणुकणांच्या छायाचित्रांतील रेषा यंत्राला कशा 'वाचता' येतील, याचा अभ्यास करताना त्यांनी चित्राच्या व्याकरणाची कल्पना मांडली. सिरोमनी दांपत्य आणि कमला कृतिवासन या तिघांनी १९७२ सालच्या एका निबंधात चित्रासाठी दोन टप्प्यांचे व्याकरण सुचविले. पहिल्या टप्प्यात चिन्हांची एक आडवी ओळ तयार होते. दुसऱ्या टप्प्यात त्या ओळीतील प्रत्येक चिन्हापासून खाली एकेक स्तंभ वाढतो, आणि सर्व स्तंभ एकाच वेळी, सारख्या गतीने वाढतात. विणकराच्या मागावर ताणा आणि बाणा यांतून वस्त्र उतरते, तसा हा प्रकार आहे. दोन वर्षांनी, १९७४ साली, या तिघांचा जो निबंध संगणकीय चित्रणाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला, त्याच्या शीर्षकातच 'कोलम' हा शब्द होता. तमिळ घरातील हा शब्द अशा रीतीने संगणकशास्त्राच्या परिभाषेत जाऊन बसला, आणि आज त्या विषयाच्या परदेशी ग्रंथांतही तो भाषांतर न करता वापरतात.

येथे एक गोष्ट थांबून सांगावीशी वाटते. सिरोमनी यांनी कोलमकडे 'लोककलेचा नमुना' म्हणून केवळ कौतुकाने पाहिले नाही. काढणाऱ्या स्त्रिया ही आकृती लक्षात कशी ठेवतात, असे त्यांनी विचारले. चित्र जसेच्या तसे डोळ्यांसमोर आणून त्या त्याची नक्कल करीत असतील, असे आपल्याला वाटेल. परंतु हात चालताना पाहिले म्हणजे निराळेच दिसते. रेघ पुढे नेणे, उजवीकडे लहान वळण, मोठे वळण, पूर्ण वळसा, आणि तशीच तीन वळणे डावीकडे, अशा सात मूळ हालचालींत सिरोमनी यांनी कंबी कोलमची मांडणी केली. सात अक्षरांची ती जणू एक वर्णमाला होय. कोलम काढणारीच्या हातात 'चित्र' नसते, तर हालचालींची मालिका असते. आणि हालचालींची मालिका म्हणजेच संगणकाच्या भाषेत आज्ञावली. जिला सही करता येत नसेल अशी बाईसुद्धा रोज पहाटे एक आज्ञावली तोंडपाठ चालवीत होती. तिच्या ज्ञानाला हे नाव देण्यासाठी मात्र १९७४ साल उजाडावे लागले.

आता वाचकाने संगणकापुढे बसावे. संगणक घरचा असो, ग्रंथालयातील असो, वा तामिळनाडू शासनाने २०११ पासून शाळांतील मुलामुलींना वाटलेल्यांपैकी एखाद्या घरी आलेला लॅपटॉप असो. पुढील गोष्टींना तो पुरेसा आहे. या लेखातील शेवटच्या दोन कृती तर चौकटीच्या वहीवर पेन्सिलीनेही होतात, आणि खरे पाहता त्या आधी वहीवरच कराव्यात.

पडदा म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. भिंग लावून पाहिल्यास पडद्यावर अतिशय बारीक ठिपक्यांची मांडणी दिसते. आज सर्रास आढळणाऱ्या पडद्यावर आडव्या ओळीत १,९२० आणि उभ्या ओळीत १,०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० भरतात. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन दिवे, आणि प्रत्येक दिव्याचे तेज ० पासून २५५ पर्यंत कोणत्याही पायरीवर ठेवता येते. तिन्ही २५५ केले की पिठाचा पांढरा रंग मिळतो; तांबडा अधिक, हिरवा त्याहून बराच कमी आणि निळा जवळजवळ शून्य ठेवला की कोलमच्या कडेने ओढतात तो काव उमटतो. तेव्हा संगणकावरील कोणतेही चित्र हे मुळात ठिपक्यांचे चित्र आहे. तिरपी रेघ ओढावयाची झाली तर कोणते ठिपके उजळावयाचे आणि कोणते सोडावयाचे, हे यंत्राला ठरवावे लागते. ते थोड्या बेरीज-वजाबाकीत कसे ठरवावे याची प्रसिद्ध रीत जॅक ब्रेसनहॅम यांनी १९६२ साली शोधली. तिरपी रेघ मोठी करून पाहिली असता पायऱ्यांसारखी दिसते, त्याचे कारण हेच.

पहिली कृती अगदी सोपी आहे. चित्र काढण्याचा एखादा साधा कार्यक्रम उघडावा. विंडोज प्रणालीबरोबर 'पेंट' या नावाचा कार्यक्रम १९८५ पासून येत आला आहे. त्यात जाळीच्या रेघा दाखविण्याची सोय असते, ती चालू करावी. कोऱ्या जागेच्या डाव्या वरच्या चौथाईत चार-पाच ठिपके मांडून त्यांभोवती मनास येईल ती वळणे काढावीत. मात्र रेघा चौथाईच्या कडेपर्यंत नेऊन सोडाव्यात. मग तो भाग निवडावा, त्याची प्रत करावी, ती आरशातील प्रतिमेप्रमाणे आडवी उलटवावी आणि उजवीकडे चिकटवावी. आता वरचा अर्धा भाग तयार झाला. त्याची प्रत उभी उलटवून खाली चिकटवावी. कडेपर्यंत आणून सोडलेल्या रेघा आपोआप एकमेकींना मिळालेल्या दिसतील. पाच मिनिटांत, हात कितीही अडाणी असला तरी, डोळ्याला रुचेल अशी आकृती समोर येते. बिघडली तर मागे फिरण्याची सोय आहे. पिठाच्या रेघेला ती नाही; तेथे चुकलेले वळण नवे वळण घेऊनच सावरावे लागते, आणि कसलेल्या हाताची ओळख नेमकी तेथेच पटते.

परंतु ही कृती म्हणजे नक्कल झाली. संगणकाचे खरे सामर्थ्य नियम चालविण्यात आहे. म्हणून दुसरी कृती.

चौकटीच्या वहीवर चार चौकटी रुंद व सहा चौकटी उंच असा आयत आखावा. त्यात दोन-दोन चौकटींच्या मध्यभागी ठिपके द्यावेत. म्हणजे दोन स्तंभ आणि तीन ओळी मिळून सहा ठिपके होतील. आता तळाच्या कडेवर, डाव्या कोपऱ्यापासून एक चौकट सोडून पेन्सिल टेकवावी आणि चौकटींच्या कर्णावरून तिरपे वर जावे. आयताची कड लागली की कॅरमच्या सोंगटीप्रमाणे उलटावे आणि पुढे चालत राहावे. सोंगटी कोपऱ्यात कधीच सापडत नाही. चोवीस पावलांनंतर पेन्सिल मूळ जागी येते, आणि पाहावे तो सहाही ठिपके वेढले गेले आहेत, एकही सुटलेला नाही. टोकांची वळणे गोल करावीत. समोर एका रेघेचे कंबी कोलम आहे.

आता हाच प्रयोग तीन ओळी व तीन स्तंभांवर करावा. आयत सहा चौकटींचा चौरस होईल. येथे बारा पावलांतच रेघ परत येते आणि पुष्कळ जागा कोरी राहते. कोऱ्या जागेतून दुसरी रेघ सुरू करावी लागते, मग तिसरी. असे का व्हावे? शाळेत शिकलेला मसावि येथे अनपेक्षितपणे भेटतो. ओळी आणि स्तंभ यांच्या संख्यांचा जो महत्तम साधारण विभाजक, तितक्या स्वतंत्र रेघा लागतात. २ आणि ३ यांचा मसावि १, म्हणून एक रेघ. ३ आणि ३ यांचा ३, म्हणून तीन. ४ आणि ६ यांचा २, म्हणून दोन. कारणही कठीण नाही. प्रत्येक ठिपक्याभोवती चार चौकटी आहेत आणि प्रत्येक चौकटीतून रेघ एकदाच जाते; म्हणून एकूण पावले ठिपक्यांच्या चौपट. एका रेघेला परत येण्यास लागणारी पावले मात्र ओळी व स्तंभ यांच्या लसाविच्या चौपट असतात, कारण आडवी आणि उभी अशा दोन्ही फेऱ्या एकदम पुऱ्या झाल्याखेरीज सोंगटी आरंभाशी येत नाही. पहिल्या संख्येला दुसरीने भागले की मसावि उरतो.

हे गणित केवळ तमिळ अंगणापुरते नाही. आफ्रिकेतील अंगोला व त्याच्या आसपासच्या प्रदेशातील चोक्वे लोक वाळूत ठिपके मांडून त्यांभोवती बोटाने अशाच अखंड रेघा काढीत आणि काढता काढता गोष्ट सांगत. त्या आकृतींना 'सोना' म्हणतात. मोझांबिकमधील गणितज्ञ पाउलुस गेर्डेस यांनी त्यांचा विस्तृत अभ्यास केला. हिंदी महासागराच्या दोन बाजूंना दोन समाजांना एकच कोडे आवडले होते.

मग चार ओळी व चार स्तंभांचे कोलम एका रेघेत होणारच नाही काय? होते, आणि स्त्रिया ते रोज करतात. त्याची युक्ती अशी. जेथे दोन वेगळ्या रेघांची फुली पडते, तेथे ती फुली मोडावी. चार टोके मोकळी होतील. त्यांना फुली न करता शेजारी-शेजारी जोडावे. दोन रेघांची तेथे एक रेघ होते. चार रेघांची एक करण्यास अशा तीन ठिकाणी फुली मोडावी लागते, अधिक नाही. कोणत्या तीन, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे. सौंदर्य तेथे आहे. नियम केवळ रेघ जुळेल याची हमी देतो. वाचकाने संगणकावर चौरसाची तयार जाळी साठवून ठेवावी आणि रोज एक नवा मार्ग काढून पाहावा. वर्तमानपत्रातील शब्दकोड्याइतकाच वेळ लागतो.

तिसरी कृती अक्षरांची आहे. तिचा उगम जीवशास्त्रात आहे. वनस्पतींची वाढ समजावून घेण्यासाठी आरिस्टिड लिंडेनमायर यांनी १९६८ साली एक रीत मांडली. एका अक्षराच्या जागी अक्षरांचा गट लिहावयाचा, आणि तोही शब्दातील सर्व ठिकाणी एकाच वेळी. कारण झाडाच्या सर्व पेशी एकाच वेळी वाढतात. पुढे त्या अक्षरांकडे चित्र काढण्याच्या आज्ञा म्हणून पाहण्याची कल्पना रुजली. त्यासाठी एक कासव कल्पितात. मुलांना संगणक शिकविता यावा म्हणून सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली 'लोगो' ही भाषा रचली. तीतील हे कासव होय. त्याला दोनच गोष्टी कळतात, पुढे चालणे आणि वळणे, आणि चालताना त्याच्यामागे रेघ उमटते. आज 'पायथन' या विनामूल्य मिळणाऱ्या भाषेतही हे कासव आहे.

आपली अक्षरे तीन. 'प' म्हणजे एक पाऊल पुढे. 'उ' म्हणजे काटकोनात उजवीकडे वळणे. 'क' म्हणजे कळी. ती काहीच करीत नाही, केवळ उमलते. आरंभीचा शब्द 'क उ क'. नियम एकच: प्रत्येक 'क' च्या जागी 'क प क उ क प क' असे लिहावे. एकदा नियम लावला आणि कळ्या वगळून वाचले की उरते 'प उ प उ प उ प'. कासवाने त्याप्रमाणे चालून पाहिले तर एक चौरस मिळतो. चौरसात एक ठिपका द्यावा. नियम पुन्हा लावावा. आता पावले वीस होतात. कासव लांब तीन पावले जाते, कोपऱ्यात वळून एक लहान चौरस पुरा करते, आपलीच रेघ छेदते आणि पुन्हा लांब निघते. मधोमध एक आणि चार कोपऱ्यांना चार असे पाच चौरस, पाच ठिपके आणि रेघ एकच. तिसऱ्यांदा नियम लावला की चौऱ्याऐंशी पावले. हाताने लिहिण्याचा कंटाळा येथे सुरू होतो आणि यंत्राचे काम येथेच सुरू होते. वळणे गोल केली की हे कोलम कोणत्याही तमिळ बाईला ओळखू येईल; त्याला 'कृष्णाची नूपुरे' अशा अर्थाचे नाव आहे. लिंडेनमायर यांच्या रीतीने कोलम आणि कर्नाटक संगीतातील रचना कशा निर्माण करता येतील यावर प्रुसिनकिएविच, कमला कृतिवासन आणि विजयनारायण यांचा एक निबंध १९८९ साली आला. ज्या ग्रंथात तो आला तो गिफ्ट सिरोमनी यांचा स्मृतिग्रंथ होता. सिरोमनी आदल्या वर्षी निवर्तले होते. ग्रंथाचे संपादक होते आर. नरसिंहन्.

अशा चित्रांना कला म्हणावे काय, हा वाद जुना आहे. गेऑर्ग नेस यांनी १९६५ साली स्टुटगार्ट येथे संगणकाने रेखलेली चित्रे मांडली तेव्हा जमलेल्या काही चित्रकारांना राग आला होता. व्हेरा मोल्नार या पॅरिसच्या चित्रकर्तीने संगणक हाती येण्याच्या कितीतरी आधी 'काल्पनिक यंत्र' मानून, स्वतःच नियम ठरवून आणि ते निमूटपणे पाळून चित्रे काढण्यास आरंभ केला होता. १९६८ साली तिला खरे यंत्र मिळाले. मैलापूरच्या स्त्रियांना तिचे हे करणे मुळीच नवलाचे वाटले नसते. माझे मत विचाराल तर, यंत्राने काढले म्हणून चित्र हलके ठरत नाही, तसे ते थोरही होत नाही. नियम कोणी निवडला आणि कोणती फुली मोडली, एवढेच पाहावे. बाजारात मिळणारे छापील चिकटपट्टीचे कोलम मला आवडत नाही, ते यंत्राचे आहे म्हणून नव्हे; ते लावणाऱ्याने काहीच निवडलेले नसते म्हणून.

चेन्नईत असताना आमच्या शेजारी एक वृद्ध मामी राहत. गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे त्यांना वाकून बसता येत नव्हते, आणि चौथ्या मजल्यावरील घराला अंगणही नव्हते. मी मोठ्या उत्साहाने त्यांना पडद्यावर वीस पावलांचे ते कोलम दाखविले. त्यांनी चष्मा सावरला, बोट पडद्यापासून तसूभर दूर धरून सगळी रेघ हवेत फिरविली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. पण हे फार घाईने काढले आहे." नंतर नातवाच्या लॅपटॉपवर त्या स्वतः काढू लागल्या. उंदीर हातात धरणे त्यांना पहिले काही दिवस जमले नाही, रेघ थरथरे. मग त्यांनी रेघ ओढणे सोडले आणि ठिपक्याभोवतालच्या पावळ्यांचे आठ-दहा तुकडे निरनिराळे काढून साठविले, आणि ते चिकटवीत त्या कोलम जुळवू लागल्या. सिरोमनी यांचे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते. जे त्यांनी केले ते मात्र नेमके वर्णमाला तयार करण्याचेच काम होते.

काढलेले कोलम त्या जपून ठेवीत नसत. नातू ते कागदावर छापून देई, कागद खाली इमारतीच्या फाटकापाशी झाडलोट करणाऱ्या बाईकडे जाई, आणि ती आकृती ठिपके मोजून पिठाने उतरवी. सकाळी नऊपर्यंत मोटारी त्यावरून जात. दुसऱ्या दिवशी पहाटे मामी नवी जाळी उघडून बसत.